कुंकू काळं का दिसतं : एका ग्रुप फोटोच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

तर सुरुवात करतेय. ३१ मार्चला आनंदीबाई जोशींची जयंती. आमच्या कल्याणच्या वाचनालयात दर वर्षी हार, दोन भाषणं आणि चहा होतो, यंदा मी कमिटीत आहे तर मीच तोंड वर करून म्हटलं की छोटं प्रदर्शन करू, १९व्या शतकातले स्टुडिओ फोटो आणि त्यातली माणसं, मध्यभागी आनंदीबाईंचा फिलाडेल्फियातला तो तिघींचा फोटो. सगळे लगेच हो म्हणाले, म्हणजे काम माझ्या गळ्यात. बजेट साडेचार हजार, त्यात स्टँडचं भाडं पण.

स्थानिक माल म्हणून आत्याच्या ट्रंकेतला एक ग्रुप फोटो घेतलाय. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडेला सोनेरी रेघ, खाली स्टुडिओचं नाव होतं पण वाळवीने खाल्लंय. दोन पुरुष खुर्चीत बसलेले, पगड्या, उपरणी, एकाच्या हातात पुस्तक (उघडं आहे पण नजर पुस्तकात नाही अर्थात). भोवती चार बायका. एकीच्या मांडीवर बाळ, ते हललंय म्हणून तोंडाच्या जागी नुसतं धुकं. हे धुकं म्हणजे आत्याचे आजोबा. पुरुष कोण ते घरात सगळ्यांना पाठ आहे, हुद्द्यासकट. बायकांचं विचारलं की "या थोरल्या, या धाकट्या, आणि ती पांढऱ्या साडीतली विधवा काकू". चौथीबद्दल काहीच नाही, ती उजव्या टोकाला, पडद्याच्या जवळजवळ आत गेलेली.

विधवा काकू मात्र फेमस आहे. हिनेच म्हणे स्वतःचे दागिने मोडून आजोबांना शिकवलं. तिचा चेहरा ह्याच फोटोतून मोठा करून फ्रेम केलेला आत्याकडे भिंतीवर आहे, पितृपक्षात हार असतो.

काम क्र. १ : चारही बायकांची नावं शोधणं. (घरच्यांची नावं मी या नोंदींमध्ये टाकणार नाहीये, ती लेबलवर येतील. बायकांची नावं शोधायचा प्रकल्प आणि इथे नावंच नाहीत, कळतंय मला, पण आत्याची अट आहे.)

७ जानेवारी

भिंगाखाली बघितला. फिकट भाग पिवळट पडलेत, वरच्या थरावर केसासारख्या बारीक भेगा, आणि त्याखाली कागदाचे धागे दिसतात. म्हणजे अल्ब्युमेन प्रिंट. म्हणजे अंडं! अंड्याचा पांढरा भाग फेसून, मीठ घालून कागदाला लावायचा, मग तो सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवून उजेडाला संवेदनशील करायचा, वर निगेटिव्हची काच ठेवून उन्हात प्रिंट काढायची. १८५० ते साधारण ९५ पर्यंत जगभरातले बहुतेक फोटो असेच. जर्मनीत ड्रेस्डेनच्या एका कारखान्याचा १८८८ चा हिशोब सापडला : १८,६७४ रीम कागद, एका रीमला २७ डझन अंडी. कॅल्क्युलेटरवर केलं, साठ लाखांच्या वर जातात, एका वर्षात, एका कारखान्यात.

आत्याला सांगितलं. तिच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही. जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे सोवळ्यातल्या बायका सव्वाशे वर्षं अंड्यावर बसल्यात?" मग इतकी हसली की ठसका लागला.

१४ जानेवारी

साइझ मोजली, साधारण साडेचार बाय साडेसहा इंच, म्हणजे कॅबिनेट कार्ड. हे १८६६ च्या आसपास सुरू झालं, त्याच्या आधी लहान कार्ड होतं, व्हिजिटिंग कार्डाएवढं, कार्त द व्हिझित. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, युक्ती एवढीच की एका काचेवर आठ पोझेस घ्यायच्या आणि मग कापायच्या, खर्च एकदम खाली. आणि एकदा स्वस्त झालं की काय, लोक एकमेकांना वाटायला लागले, अल्बम आले, राणीचा फोटो, नटीचा फोटो आणि आपल्या मावशीचा फोटो एकाच अल्बममध्ये एकाच साइझचे. त्याआधी स्वतःचं चित्र काढून घ्यायचं तर चित्रकार परवडायला लागायचा.

मुंबई यात मागे नव्हती. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी, दोघे डॉक्टर, दोघे सोसायटीत, नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढायचे.

आज संक्रांत असेल म्हणून काम करणार नव्हते, पण यंदा संक्रांत उद्या आहे, मग काय, सुटका नाही.

२६ जानेवारी

सुट्टी. सकाळपासून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने स्कॅन केलेलं सरकारी 'पीपल ऑफ इंडिया' बघतेय, ८ खंड, १८६८ ते १८७५, साडेचारशेच्या वर फोटो. गव्हर्नर जनरल कॅनिंग साहेब आणि बाईसाहेबांना आठवण म्हणून फोटो हवे होते, तिथून सुरुवात, ५७ नंतर ते सरकारी काम झालं. बघताना आधी मजा वाटते, मग एक गोष्ट टोचायला लागते. माणसं समोर बघतायत, चेहरे इतके स्पष्ट की भुवईचा केस मोजावा, आणि खाली लिहिलंय जात, धर्म, गाव. बऱ्याच जणांचं नावच नाही. त्यांचा फोटो म्हणजे नमुना, दुकानात कापडाचा तुकडा दाखवतात तसा.

मुंबईच्या विल्यम जॉन्सनने तर याच्याही आधी (१८६३ आणि ६६, दोन खंड) कमाल केलीय, स्टुडिओत माणसं उभी करून फोटो काढले, मग माणसं कापून मुंबईच्या देखाव्यांवर चिकटवली. फोटोशॉप, पण कात्रीने.

सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला होते तेव्हाचा किस्सा. इंडिया ऑफिसमध्ये मुलांबरोबर हे खंड चाळत होते. तिथे एक तरुण इंग्रज आला, त्याने मुलाला, सय्यद महमूदला विचारलं, तुम्ही हिंदुस्थानी का? मुलगा लाजून लाल, हो म्हणाला, आणि लगेच घाईघाईने पुढे, पण आम्ही मूळचे इथले नाही, आमचे पूर्वज बाहेरून आलेले. एक पुस्तक उघडलं आणि पोराला स्वतःची ओळखच झटकावीशी वाटली. मला हे वाचून त्या मुलाचा राग नाही आला, कुणी आपल्यासमोर आपलाच कॅटलॉग ठेवला तर आपण काय करू?

याचं एक पॅनल नक्की. एका बाजूला 'नमुना' फोटो, दुसरीकडे पैसे देऊन स्वतःचा काढून घेतलेला फोटो. खुर्ची तीच, पडदा तोच. फरक खाली काय लिहिलंय त्यात.

(आणि मग लक्षात आलं की आमच्या फोटोत पुरुष दुसऱ्या प्रकारात आहेत आणि बायका पहिल्या. बाहेरच्या कुणा साहेबाने नाही केला हा उद्योग, घरच्यांनीच.)

३ फेब्रुवारी

डोकं फिरलंय. स्टेशनजवळच्या एका लॅबला फोटो हाय रिझोल्यूशन स्कॅनिंगला दिला होता, नाव लिहीत नाही. "मॅडम एकदम क्लीन करून दिलाय." क्लीन म्हणजे काय तर सॉफ्टवेअरने धूळ-ओरखडे ऑटोमॅटिक काढले, कॉन्ट्रास्ट वाढवला, गालांवर मऊपणा आणला. थोरल्यांच्या कपाळावरचं कुंकू गायब! डाग समजून सॉफ्टवेअरने पुसलं. धाकट्यांचं अर्धं राहिलंय. मी म्हटलं अहो सवाष्ण बाईचं कुंकू पुसलंत तुम्ही, तर तो पोरगा म्हणाला परत लावून देऊ का, ब्रशने.

ओरिजिनल सुखरूप आहे, नशीब. पुतण्याचा फ्लॅटबेड स्कॅनर आणला, २४०० डीपीआय, सगळे ऑटो ऑप्शन बंद, रात्री साडेअकराला एक स्कॅन पूर्ण झाला. फाईल एवढी मोठी की लॅपटॉप कण्हतोय.

आणि झूम केल्यावर दिसलं ते असं. थोरल्यांच्या कपाळावर काळा ठिपका, धाकट्यांच्या कपाळावर काळा ठिपका, आणि विधवा काकूंच्या कपाळावर पण. लहान, पण बरोब्बर मध्ये.

४ फेब्रुवारी

रात्री झोप नाही. पहिली शंका, डाग असेल. पहाटे भिंग घेऊन बसले. याच फोटोत पुरुषाच्या उपरण्यावर एक ठिपका आहे तो कसरीची घाण आहे, कागदाच्या वर बसलेली, तिरप्या उजेडात तिची सावली पडते. कपाळावरचा तसा नाही, तो थराच्या आत आहे, बाकी चित्रासारखाच तपकिरी. म्हणजे फोटोतलाच.

मग पांढरी साडी? इथे मला एक जुनी गोष्ट आठवली, त्या काळच्या साध्या काचेला फक्त निळा-जांभळा उजेड कळायचा. लाल आणि पिवळा तिच्या लेखी अंधार. म्हणूनच कुंकू काळं येतं. आणि म्हणूनच जुन्या फोटोंत आकाश कोरं पांढरं. १८७३ मध्ये बर्लिनच्या फोगेलने शोधून काढलं की काचेच्या थरात रंग मिसळला तर हिरवं-पिवळंही पकडता येतं, पण साधे स्टुडिओ पुढे बरीच वर्षं स्वस्त साध्या प्लेटच वापरत राहिले.

प्रयोग करून बघितला. डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर नवऱ्याला बसवलं (रविवार, पेपर वाचायला दे फक्त), खांद्यावर एकेक कापड टाकलं, कपाळावर कुंकू, एका गालावर हळद. खिडकीच्या उजेडात फोनने फोटो काढले, लॅपटॉपवर जिंपमध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) नेले आणि लाल-हिरवे चॅनल फेकून नुसता निळा ठेवला. त्या काळची काच अगदी अशीच बघायची असं नाही, पण जवळपास.

कुंकू : डांबर. हळद : तीसुद्धा काळी, गालावर जखम असल्यासारखी. माझ्या सोन्याच्या पाटल्या लोखंडी दिसतात. हिरव्या बांगड्या काळपट. शेजारच्या काकूंचं आकाशी सुती लुगडं धुतल्यासारखं पांढरं, काठ तेवढा उरला. आणि विटकरी रंगाचं एक जुनं पांघरूण होतं ते पार काळं, घडीसुद्धा दिसेना. नवऱ्याचा चेहरा चार छटा सावळा आणि आहेत नाहीत ते सगळे वांग वर आले, तो म्हणाला हा फोटो कुणाला पाठवायचा नाही.

आता खरी गंमत. "विधवा म्हणजे पांढरी साडी" हे आपल्या डोक्यात सिनेमाने भरवलंय. आपल्याकडे ब्राह्मण घरातली विधवा त्या काळात आलवण नेसायची, तांबडं, विटकरी. म्हणजे फोटोत काळं. मग आमच्या फोटोत पदर कपाळापर्यंत घट्ट ओढलेली, काळ्या लुगड्यातली, पडद्याआड सरकलेली बाई कोण?

ती चौथी. जिच्याबद्दल कुणाला काही माहीत नाही. तिच्या हातात बांगडी नाही, आता झूम करून बघितलं. कपाळ पदराखाली आहे.

पण घाई नको. तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिलने रिटच करायचे, सुरकुत्या, देवीचे व्रण सगळं भरून काढायचे, त्यामुळे ठिपका नसणं हा पुरावा होत नाही. ठिपका असणं मात्र जरा वजनदार, मुद्दाम कोण कशाला काढेल.

११ फेब्रुवारी

आत्याला सांगायला गेले. ८२ वर्षांची आहे, अशी बातमी फोनवर नको वाटलं. लॅपटॉपवर नवऱ्याचे निळे फोटो दाखवले, मग काकूंचं कपाळ. आधी साफ नाही म्हणाली. "पांढरीच आहे ती साडी. मला माझ्या आईने सांगितलंय." आईला कुणी सांगितलं? सासूने. सासू म्हणजे धुक्यातल्या बाळाची बायको, ती तर फोटोच्या वेळी जन्मलेली पण नव्हती. म्हणजे सगळ्यांनी फोटो बघूनच ठरवलंय. साडी पांढरी आणि बाजूला नवरा नाही, दोन पुरुष आणि चार बायका, हिशोब जुळत नाही, मग ही विधवा. झालं.

मग भिंतीवरच्या फ्रेमकडे बघत बसली. चहा गार झाला.

"म्हणजे पन्नास वर्षं मी सवाष्णीला पितृपक्षात हार घालतेय?"

मी काय बोलणार. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, त्या काळी बायकांना परक्या पुरुषासमोर बसवायचेच कसे फोटोला. बरोबर प्रश्न आहे, कितीतरी घरांत बसवायचेच नाहीत, वर 'फोटो काढला की आयुष्य कमी होतं' हे होतंच. हैदराबादला राजा दीनदयाळांनी १८९२ मध्ये खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला, उंच भिंतींच्या आत, चालवायला मिसेस केनी-लेविक म्हणून एक इंग्रज बाई. कॅमेऱ्यामागे बाई, समोर बाई. आत्या म्हणाली ती पण टोपी घालून डोकं काळ्या कपड्यात घालत असेल, तेव्हा टोपीचं काय करायची. माहीत नाही आत्या.

१८ फेब्रुवारी

पुठ्ठ्याच्या मागे दोन ओळी मोडीत आहेत, त्या वाचून घेतल्या. वाचनालयातले एक मेंबर मोडी शिकवतात, त्यांनी पाच मिनिटांत वाचलं, वर म्हणाले अक्षर वाईट आहे, कारकून नसणार.

शके १८१४ मार्गशीर्ष. म्हणजे १८९२ चा नोव्हेंबर-डिसेंबर. पुढे दोन्ही पुरुष, रा. रा. लावून, आडनाव, नोकरी. नंतर : सौ. वहिनी, सौ. मधली वहिनी, सौ. धाकटी, गं. भा. ताई, चि. बाळ. पहिला शब्द 'डावे' का 'उजवे' ते अल्बमच्या खळीखाली गेलंय, तेव्हा कोण कुठे ते यावरून सांगता येत नाही. पण तीन सौ. आणि एक गं. भा. (गंगाभागीरथी, म्हणजे विधवा) आणि कपाळावर ठिपके तीन!

'मधली' म्हणजे मधला भाऊ होता. तो फोटोच्या दिवशी हजर नव्हता, एवढंच. नोकरीला परगावी असेल, रजा नसेल मिळाली. एक माणूस फोटोला आला नाही आणि त्याची बायको कायमची विधवा झाली.

आणि 'वहिनी' म्हणणारा, लिहिणारा, म्हणजे धाकटा भाऊ, आत्याचे पणजोबा. स्वतःचं नाव पूर्ण लिहिलं आणि बायकोचं 'सौ. धाकटी'. बायकोचं नाव घ्यायचं नाही ही पद्धत, मला माहितीये, उखाण्यात आपण पण कौतुकाने घेतोच की. तरी पण.

२६ फेब्रुवारी

आज आनंदीबाईंची पुण्यतिथी, १८८७, बावीस पण पूर्ण नव्हत्या. मुख्य पॅनलचं लिहायला बसले.

फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा, फिलाडेल्फिया, विमेन्स मेडिकल कॉलेज. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, सिरियाच्या साबात इस्लामबुली. फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजमध्ये 'पहिल्या तीन महिला डॉक्टर' म्हणतात, पण त्या दिवशी तिघीही विद्यार्थिनी होत्या. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ ला (पंडिता रमाबाई हजर होत्या), ओकामींना ८९ ला, इस्लामबुलींना ९० ला. लेबलवर 'विद्यार्थिनी' लिहिणार, वाद झाला तर होऊ दे.

तिघी आपापल्या देशाच्या वेशात. आणि जानेवारीत ते आठ खंड बघितल्यापासून मला हा फोटो पहिल्यासारखा दिसेना. लुगडं, किमोनो, सिरियन पोशाख, ओळीने. एक क्षण नमुन्यांचंच पान वाटतं, बघा आमच्या कॉलेजात कुठकुठून मुली आल्यात. कॉलेजला तसं दाखवायचं असेलही. पण आनंदीबाईंच्या बाजूने बघितलं तर वेगळं. १८८३ च्या फेब्रुवारीत सेरामपूरला (बंगालमधलं, आपलं नगरचं श्रीरामपूर नव्हे, गोपाळरावांची पोस्टाची नोकरी तिथे होती) त्यांनी भर सभेत सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन. १७ वर्षांची मुलगी, समोर टीका करणारे लोक. मग हा फोटो म्हणजे त्या शब्दाची पावती आहे. गावाकडे कुणी म्हणालंच की गेली आणि बाटली, तर हे घ्या, लुगडं.

थंडीत नऊवारीने भागेना म्हणून अमेरिकेत त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली होती. हे मला फार आवडतं. दिलेला शब्दही राहिला आणि पोटऱ्याही गारठल्या नाहीत.

आणि खाली नावं आहेत. मी पाहिलेल्या एका कॉपीत सेरामपूरचं भलतंच काहीतरी झालंय, इस्लामबुलींचं 'साबात'चं 'ताबात', पण नावं आहेत, म्हणून आज जगात कुणीही शोधू शकतं. पण ते नाव तरी कुठलं? माहेरची यमुना, लग्नात आनंदी, नवव्या वर्षी. कल्याणमधल्या लहानपणीच्या मैत्रिणींना तो फोटो दाखवला असता तर त्या म्हणाल्या असत्या ही तर यमू.

३ मार्च

नाशिक. पहाटेची गाडी, मी आणि चुलतभाऊ. तीर्थोपाध्यायांकडे घराण्याची नामावळी असते, आपले लोक कधी कुठल्या श्राद्धाला आले, बरोबर कोण, सगळं वहीत. आडनाव आणि मूळ गाव सांगितल्यावर गुरुजींनी लाल कापडातलं बाड काढलं. अर्धा तास पानं. आणि मग सापडले, तिघे भाऊ, सह्यांसकट, आणि पुढे 'भार्या' म्हणून नावं! तिघींची. थोरल्या, मधल्या, धाकट्या. मधल्याने नोकरीचं गाव पण लिहिलंय, इंदूर. म्हणजे रजेचा माझा अंदाज अगदीच हवेत नव्हता.

मी ती नावं तिथेच मोठ्याने वाचली, चुलतभाऊ म्हणाला हळू, लोक बघतायत.

ताई नाही. गुरुजींनी समजावून सांगितलं, मुलगी दिली की तिचं नाव सासरच्या नामावळीत. सासर कुठलं? घरात कुणालाच माहीत नाही. सासरी तरी नोंद असेल का, नवरा लवकर गेला असेल तर दोघांनी मिळून तीर्थयात्रा कुठली. आणि असलीच तर सासरच्या नावाने. ज्या बाईने दागिने मोडून घराला शिकवलं तिची दोन नावं होती, एक आईबापांनी ठेवलेलं आणि एक नवऱ्याने, आणि आपल्याकडे दोन्ही नाहीत.

परत येताना कसाऱ्यापर्यंत दोघंही काही बोललो नाही.

१७ मार्च

एक पॅनल उरलं होतं, फोटो कुणाचा? योगायोग म्हणजे आजच १४० वर्षं झाली, १७ मार्च १८८४, अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट. न्यूयॉर्कचा फोटोग्राफर सरोनी, त्याने १८८२ मध्ये आयरिश साहित्यिक ऑस्कर वाइल्डचे फोटो काढले, एका लिथो कंपनीने त्यातला एक न विचारता छापला, ८५ हजार प्रती. कंपनीचं म्हणणं, फोटो काय मशीन काढतं, त्यात लेखक कोण. कोर्ट म्हणालं, नाही, बसवलं कुणी, कपडे-पडदे कुणी ठरवले, उजेड कुणी आणला, सरोनीने, तर तो कर्ता. वाचताना छान वाटतं आणि मग लक्षात येतं की अख्ख्या निकालात वाइल्ड म्हणजे पडद्यासारखीच एक मांडायची वस्तू. चेहरा त्याचा, केस त्याचे!

याच्या वीस वर्षं आधी अमेरिकेतल्याच सोजर्नर ट्रुथ या बाईने वेगळंच केलं होतं. गुलामगिरीत जन्मलेली, लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि १८६४ मध्ये तिने स्वतःच्या फोटोचा कॉपीराइट स्वतःच्या नावावर नोंदवला. सभांमध्ये ती कार्डं विकायची, त्यावर छापलेलं, देह पोसायला मी सावली विकते. फोटोत पांढरी टोपी, शाल, मांडीवर विणकाम. दुसऱ्यांनी विकलेली बाई आता स्वतःला विकतेय आणि भाव तिचा. हे वाक्य पॅनलवर मोठ्या टायपात.

आत्या म्हणते तिच्याकडे बघून ताईची आठवण येते. ताईचा चेहरा आपण महिन्याभरापूर्वी पहिल्यांदा नीट बघितलाय, पण असो.

२५ मार्च

धुळवड, दुकानं बंद, प्रिंट उद्यावर. लेबलं फायनल. तीन नावं पूर्ण, माहेर अज्ञात. चौथीला काय? कमिटीतल्या एकांनी 'कुटुंबातील एक स्त्री' सुचवलं, मी नको म्हटलं, परत ते आठ खंड सुरू. मागे जे लिहिलंय तेच ठेवलं : गं. भा. ताई. खाली बारीक, नाव सापडलेलं नाही.

लेबलशेजारी प्रयोगाचे निळे फोटो पण लावतेय. नवऱ्याने परवानगी दिली, अट अशी की डोळ्यांवर पट्टी. म्हटलं नावाशिवाय लावते, नमुना म्हणून.

३१ मार्च

झालं. दीडेकशे लोक आले असतील, निम्मे चहाला. सगळ्यात जास्त गर्दी कुंकवाच्या पॅनलपाशी, बायका घरच्या फोटोंबद्दल विचारत होत्या, तीनजणी तर मोबाईलमध्ये फोटो घेऊनच आल्या, बघा हो आमच्या पणजीची साडी कुठल्या रंगाची असेल. सांगता येत नाही हो, काळी दिसते ती लाल, पिवळी, हिरवी काहीही असेल. 'विद्यार्थिनी'वरून वाद झालाच, एक काका दहा मिनिटं. आत्या व्हीलचेअरवर आली, आमच्या फोटोसमोर थांबली, स्वतःच्या पणजीचं नाव लेबलवरून दोनदा वाचलं.

१ एप्रिल

स्टँड परत दिले, डिपॉझिट मिळालं. आत्याकडे फोटो पोचवला, आम्लरहित कागदात गुंडाळून, ट्रंकेत डांबरगोळ्या नाहीत याची खात्री करून. भिंतीवर मधल्या वहिनींची फ्रेम तशीच आहे, शेजारी ताईचा क्रॉप लागलाय, हार तिला. पुठ्ठ्याच्या मागे मोडीच्या खाली पेन्सिलने (पेन अजिबात नाही) देवनागरीत तीन नावं लिहिली, डावीकडून असं स्पष्ट लिहून, आणि ताईपुढे दोन इंच जागा सोडली.

आत्या म्हणाली बाळाचं पण लिही, मुलगा आहे असं. झबलं फ्रॉकसारखं दिसतंय, पुढे कुणीतरी मुलगी ठरवेल. लिहिलं.